पंचांचं स्वसंरक्षण: सहा तासांचा वर्ग, एक दोरी आणि बरंच नको असलेलं सामान

सुरुवात दोरीपासून करू. किटमधली सगळ्यांत स्वस्त वस्तू तीच आणि सगळ्यांत धोक्याचीही तीच. पंचाच्या गळ्यात शिट्टीची दोरी असते, वर आयोजकांनी दिलेल्या ओळखपत्राची रुंद नायलॉनची पट्टी असते, कुणाकडे स्टॉपवॉचची तिसरी. चिडलेला प्रशिक्षक अंगावर आला की त्याच्या हाताला पहिल्यांदा हेच लागतं. मागून ओढलं तर फास, पुढून ओढलं तर मान खाली.

हे परीक्षण पंचांसाठीच्या एका दिवसाच्या स्वसंरक्षण वर्गाचं आणि अशा वर्गांत सुचवल्या किंवा विकल्या जाणाऱ्या सामानाचं आहे. वर्ग खासगी आहे. त्याचं नाव देत नाही, कारण त्यातल्या त्रुटी एकट्या तो वर्ग घेणाऱ्याच्या नाहीत, या धर्तीच्या बहुतेक वर्गांत त्या सापडतात. सहा तास, मध्ये जेवण, सकाळी दोन तास बोलणं आणि दुपारी चार तास प्रत्यक्ष सराव असा त्याचा साचा. समोर कबड्डी, कुस्ती, फुटबॉल, व्हॉलीबॉलचे पंच एकत्र बसवतात. पहिली चूक इथेच होते, पण तिच्याकडे पुढे येऊ.

अशा वर्गांना आता गिऱ्हाईक का आहे हे सांगायला नको. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागात निकालावरून शिवराज राक्षेने पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. पंचांशी गैरवर्तन केल्याबद्दल महेंद्र गायकवाडवरही कारवाई झाली आणि दोघांना तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. २०२२ च्या मे महिन्यात दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धेच्या निवड चाचणीत सतेंदर मलिकने पंच जगबीर सिंग यांना मारलं आणि कुस्ती महासंघाने त्याच्यावर आजीव बंदी घातली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तायक्वांदोच्या आंखेल मातोसने पंचाच्या तोंडावर लाथ घातली, तेव्हा जागतिक संघटनेने त्याच्यासोबत त्याच्या प्रशिक्षकालाही कायमचं बाहेर काढलं. ११ डिसेंबर २०२३ ला अंकाराला तर फुटबॉल क्लबचा अध्यक्षच मैदानात उतरला आणि त्याने हलील उमुत मेलेर या पंचाला ठोसा मारला. मेलेर खाली पडल्यावर दुसऱ्यांनी लाथा घातल्या.

ही प्रकरणं शेजारी ठेवली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. मारहाणीची सगळी निकाल जाहीर झाल्यावर घडली, चालू खेळात एकही नाही. ३१ मे २०२३ ला बुडापेस्टमध्ये फुटबॉलच्या युरोपा लीगच्या अंतिम सामन्यानंतर प्रशिक्षक जोझे मोरिन्यो पंच अँथनी टेलरची वाट पाहत थांबले ते वाहनतळात. तिथे हात उचलला गेला नाही, पण त्यांना चार सामन्यांची बंदी झाली. सामना चालू असताना प्रशिक्षकाला अजून काहीतरी मिळवायचं असतं आणि पंचाच्या खिशात कार्ड असतं. निकाल लागला की दोन्ही संपतं. म्हणून आमचा निकष एकच: वर्ग असो वा वस्तू, शेवटच्या शिट्टीपासून पंच गाडीत बसेपर्यंतच्या वेळात ती किती उपयोगी पडते?

या निकषावर सकाळचं सत्र चांगलं उतरतं. अंतर, कोन आणि हात या तीन गोष्टी तिथे नीट शिकवल्या जातात. अंतर म्हणजे साधारण दोन हात, दीड ते दोन मीटर. समोरच्याला मारायचं असेल तर त्याला एक पाऊल टाकावं लागलं पाहिजे, कारण ते पाऊल दिसतं. एका हाताच्या अंतरावरचा ठोसा दिसेपर्यंत लागलेला असतो. कोन म्हणजे समोरासमोर छाती न देता साधारण ४५ अंशांत उभं राहणं, मजबूत पाय मागे. हात कमरेच्या वर, उघडे, तळवे बाहेर. कमरेवर हात ठेवणं उद्धट दिसतं, खिशात हात घालणं मूर्खपणाचं, आणि बोट दाखवणं म्हणजे भांडणाला निमंत्रण. उघडे तळवे दुहेरी काम करतात. एरवी ते ‘थांबा’ म्हणतात आणि वेळ पडली तर चेहऱ्यापुढे यायला त्यांना अर्धा वीतच अंतर कापावं लागतं. शिवाय प्रेक्षकांतल्या पन्नास मोबाइलमध्ये जे चित्रण होतं, त्यात पंच भांडताना नाही, थांबवताना दिसतो.

आणखी एक बारकावा या वर्गाने सांगितला, तो आम्हाला इतरत्र क्वचितच ऐकायला मिळाला. वाद सुरू झाला की शिट्टी तोंडातून काढायची. दातांत धरलेल्या शिट्टीवर ठोसा किंवा नुसता हात बसला तरी पुढचे दात जातात, ओठ फाटतो. पेन वरच्या खिशात असेल तर तेही टेबलावर ठेवायचं.

बोलण्याचा भाग मात्र अर्धवट वाटला. ‘शांत व्हा’ म्हणू नका, हे बरोबर सांगितलं. चिडलेल्याला शांत व्हा म्हटलं की तो आणखी चिडतो, हे घरोघरी ठाऊक आहे. पण त्या जागी काय म्हणायचं याची वाक्यं आयात केलेली होती, आपल्याकडच्या मैदानावर ती तोंडातून निघणार नाहीत. कोल्हापूर-सांगलीकडे समोर वस्ताद असतो, पंचापेक्षा वीस वर्षांनी मोठा. पंच स्वतः कधीकाळी त्याच्याच तालमीतल्या कुणाच्या पाया पडलेला असतो. तिथे ‘अहो-जाहो’ सोडलं की आखाड्यातली उरलेली माणसंही वस्तादाच्या बाजूला जातात. उपयोगी वाक्यं आखूड असतात आणि समोरच्याला जायला जागा देतात: ‘वस्ताद, तक्रार लेखी द्या, मी घेतो.’ ‘सर, ऐकलं. पुढचं टेबलावर.’ तेच वाक्य, त्याच आवाजात दोनदा. तिसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा कार्ड किंवा नियमाप्रमाणे कारवाई. निकालाचं समर्थन करायला बसायचं नाही. पंच जितका खुलासा देतो तितका समोरचा जवळ सरकतो. आणि ‘काय करायचं ते करा’ हे वाक्य कायमचं विसरायचं. ते शब्दशः घेणारी माणसं असतात.

नियमांची बाजू वर्गात पंधरा मिनिटांत उरकली, तिला तासभर द्यायला हवा होता. प्रत्येक खेळाची हत्यारं वेगळी आहेत, म्हणूनच सगळ्यांना एकत्र बसवणं चुकीचं. फुटबॉलमध्ये २०१९ पासून प्रशिक्षकालाही पिवळं-लाल कार्ड दाखवता येतं. तांत्रिक क्षेत्रातून, म्हणजे मैदानाकडेच्या संघाच्या बाकांच्या जागेतून, कुणी शिवी दिली हे कळलं नाही, तर तिथे हजर असलेल्या मुख्य प्रशिक्षकाला ती शिक्षा होते. कबड्डीत हिरवं, पिवळं, लाल अशी चढण आहे. क्रिकेटच्या नियमांत २०१७ पासून अंपायरला मारहाणीची नुसती धमकी दिली तरी तो चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीचा गुन्हा आहे: खेळाडू उरलेल्या सामन्यासाठी बाहेर आणि समोरच्या संघाला ५ धावा. कुस्तीत तक्रारीची वाट ठरलेली आहे, प्रशिक्षक आव्हान देतो आणि चित्रण पाहिलं जातं. ही वाट बंद झाली किंवा बंद केल्यासारखी वाटली, की माणूस गादीवर चढतो. पहिली शिवी सोडून देणारा पंच चौथ्या शिवीला कार्ड काढतो तेव्हा मामला हाताबाहेर गेलेला असतो. पहिल्या पायरीचं कार्ड वेळेवर काढणं हेही स्वसंरक्षणच आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

दुपारच्या सत्राबद्दल मत मिश्र आहे. मनगटाची पकड सोडवणं नीट शिकवलं: समोरच्याचा अंगठा जिकडे, तिकडे आपला हात फिरवून झटक्यात काढायचा, कारण चार बोटांपेक्षा अंगठ्याची बाजू कच्ची असते. नुसता मागे ओढला तर निघत नाही, कोपर शरीराजवळ आणून कंबर वळवली की निघतो. दोन्ही हातांनी कॉलर धरली तर आधी हनुवटी छातीला लावायची, एक पाय मागे टाकायचा आणि त्याचे हात आपल्याच छातीवर दाबून धरायचे. ऐकताना उलटं वाटतं, पण दाबलेल्या हाताने ठोसा मारता येत नाही. मग मोठ्याने, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ‘हात सोडा’. साथीदार पंच पोचायला लागणारे चार-पाच सेकंद यात निघतात. ढकललं तर अडून राहायचं नाही, ढकलण्याच्या दिशेनेच एक-दोन पावलं मागे जायचं. अडलेला माणूस उताणा पडतो.

पडण्याचा सराव वर्गाने जेमतेम दहा मिनिटं घेतला. आमच्या मते ही सगळ्यांत मोठी उणीव. मेलेरला लाथा बसल्या त्या पडल्यावर. २०१२ च्या डिसेंबरात नेदरलँड्समधल्या अल्मेरे इथे रिचर्ड न्यूवेनहाउझेन हे लाइनमन मुलांच्या सामन्यानंतर झालेल्या मारहाणीने दगावले, तिथेही पडलेल्या माणसाच्या डोक्याला लाथा लागल्या होत्या. पडलं की कुशीवर, दोन्ही कोपरं डोक्याभोवती, हनुवटी आत, पाय मारणाऱ्याच्या दिशेला. तो फिरला की पायही फिरवायचे. उठताना तोंड त्याच्याकडे ठेवून, एक हात जमिनीवर टेकून, एक पाय मागे खेचत उठायचं. ओणवं होऊन उठणारा माणूस बरगड्या उघड्या टाकतो. हे गादीवर निदान वीस वेळा केल्याशिवाय अंगात येत नाही.

वाया गेला तो शेवटचा दीड तास: जांघेत गुडघा, डोळ्यांत बोट, कोपराचा फटका. रस्त्यावरच्या चोरापुढे हे ठीक असेल. पंचापुढचा माणूस मात्र बहुधा माजी खेळाडू असतो, पकडी त्याने आयुष्यभर केलेल्या असतात, आणि त्याच्या मागे बारा-पंधरा जणांचा संघ उभा असतो. एकाला कोपर मारलं की उरलेल्यांना कारण मिळतं. कायद्याचं गणितही आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत खासगी संरक्षणाचा हक्क आहे. कलम ३७ म्हणतं की बचावापुरती गरज असेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. कलम ४० प्रमाणे हा हक्क धोक्याची रास्त भीती वाटते तिथे सुरू होतो आणि भीती असेपर्यंतच टिकतो. म्हणजे प्रशिक्षकाला दोघांनी धरून ठेवल्यावर पंचाने मारलेली चपराक बचाव नव्हे, गुन्हा आहे. वर्गात या कलमांचा उल्लेख झाला नाही. फटके शिकवायचे आणि ते कुठे थांबतात हे सांगायचं नाही, हे बेजबाबदार आहे.

साथीदार पंचाचं काम काय, हेही वगळलं होतं. ते थोडक्यात असं: वादात तोंड घालायचं नाही. तीन-चार मीटरवर बाजूला उभं राहून पाठीमागची गर्दी पाहायची. कोण आलं, कुठल्या क्रमांकाच्या जर्सीने ढकललं, किती वाजले हे लक्षात ठेवायचं आणि मोकळी वाट धरून ठेवायची. कबड्डीत दोन पंच, सरपंच (मुख्य पंच) आणि गुणलेखक असतात, म्हणजे माणसं आहेत. कामं वाटलेली नसतात एवढंच. गुणपत्रकावर सह्या घ्यायला दोन्ही संघांची माणसं एकदम टेबलाशी येतात आणि पंच टेबल व भिंतीच्या मध्ये सापडतो. टेबल भिंतीपासून दीड मीटर पुढे ओढायचं आणि एका वेळी एकाच संघाला बोलवायचं. सामन्याआधी पाच मिनिटं देऊन बाहेर पडायच्या दोन वाटा पाहायच्या आणि गाडी तोंड बाहेर करून लावायची.

आता सामान. शिट्टी म्हणून फॉक्स ४० क्लासिकला पर्याय शोधायची गरज नाही. रॉन फॉक्सक्रॉफ्ट हा कॅनडाचा बास्केटबॉल पंच. १९८४ मध्ये ऐन वेळी त्याची शिट्टी वाजली नाही, म्हणून त्याने गोळी नसलेली शिट्टी बनवून घेतली आणि ती १९८७ मध्ये बाजारात आणली. आत गोळी नसल्याने थुंकीने, धुळीने अडकत नाही आणि कितीही जोरात फुंकली तरी आवाज चिरकत नाही. कंपनी ११५ डेसिबल सांगते. बंद हॉलमध्ये शेजाऱ्याच्या कानाजवळ वाजवू नये इतकी ती खरंच मोठी आहे. संकटात मदत बोलावायला हीच वाजवायची, तीन लांब फुंकर, आणि त्याचा अर्थ आयोजकांना आधी सांगून ठेवायचा. नकली माल खूप आहे. कडेला प्लास्टिकची शिवण बोटाला खरखरीत लागली तर समजा नकली.

दोरी घेताना मानेमागे ताणाने सुटणारी कडी असलेलीच घ्या. तपासायची पद्धत सोपी: दाराच्या मुठीला अडकवून एका हाताने झटका द्या. सुटली नाही तर परत करा. काही दोऱ्यांत कडी पुढे, शिट्टीपाशी असते. ती चालत नाही, ओढल्यावर शिट्टी सुटते आणि फास गळ्यातच राहतो. याहून बरा पर्याय बोटात अडकवायची पकड, तिने गळा पूर्ण मोकळा राहतो. ओळखपत्राची पट्टी सामन्यापुरती काढून ठेवा किंवा कार्ड पिनने लावा. मानेमागे सुटणाऱ्या दोरीला पाचपैकी पाच.

अंगावरचा कॅमेरा हा सध्याचा लाडका विषय. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने २०२३ मध्ये मिडल्सब्रोपासून हौशी सामन्यांत त्याचा प्रयोग सुरू केला. तो छातीवरच्या पट्ट्याला लावतात. आपल्याकडे ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त कॅमेऱ्यांना चुंबकाची क्लिप असते. पंच धावला किंवा कुणी ढकललं की ती निसटते, म्हणून पट्टा वेगळा घ्यावाच लागतो. घेताना तीन गोष्टी पाहा. बटण दाबण्याआधीची तीस सेकंदं साठवणारी सोय आहे का, कारण वाद नेहमी बटणाच्या आधी सुरू होतो. चित्रणावर तारीख-वेळ उमटते का. आणि ४ ते ६ जीबी एका तासाला या हिशेबाने मेमरी कार्ड पुरतं का. कुस्तीत मात्र हा कॅमेरा घेऊ नका. खांदे टेकलेत का हे पाहायला पंच गादीवर आडवा होतो, तेव्हा कॅमेरा एक तर गादीचं चित्रण करतो नाही तर बरगडीत घुसतो. तिथे टेबलामागे तिपाईवरचा मोबाइल जास्त दाखवतो. मुलांच्या स्पर्धेत आयोजकांची आणि पालकांची परवानगी आधी घ्या.

चित्रण हाती आल्यावर लोक पहिली चूक करतात ती व्हॉट्सॅपवर टाकायची. फाइल दाबली जाते आणि मूळ नोंदी जातात. मेमरी कार्ड काढून पाकिटात घाला, पाकिटावर दोघांच्या सह्या आणि वेळ. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, ते मूळ फाइलवरूनच करावं.

पेपर स्प्रे दुकानातच सोडा. त्याचा पल्ला दोन-तीन मीटर, गणवेशात ठेवायला जागा नाही, आणि पंखे चालू असलेल्या हॉलमध्ये तो गुणलेखकापासून पहिल्या रांगेतल्या पोरांपर्यंत सगळ्यांना रडवतो. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका प्रकरणात पेपर स्प्रेला धोकादायक शस्त्र म्हटलं आणि तो वापरणाऱ्यांवरचा गुन्हा रद्द करायला नकार दिला. वर्गाच्या शेवटी तो सवलतीत विकायला ठेवला होता, हे आम्हाला मुळीच आवडलं नाही. चाव्यांत अडकवायच्या टोकदार काड्यांबद्दल तर बोलायलाच नको.

मार लागलाच तर पुढचं वर्गाने शिकवलं नाही, म्हणून इथे. ११२ ला फोन. आधी सरकारी रुग्णालय, तिथे मारहाणीतून इजा झाली असं स्पष्ट सांगून एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर) नोंद. मग पोलिस ठाणं. साध्या दुखापतीवर, म्हणजे न्याय संहितेच्या कलम ११५(२) वर, बहुतेकदा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून हातात देतात. पण हाड मोडलं किंवा दात तुटला वा निखळला तर कलम ११६ प्रमाणे ती गंभीर दुखापत ठरते आणि एफआयआर व्हायला हवा. म्हणून दाताची दुखापत ‘किरकोळ’ म्हणून सोडायची नाही, एक्स-रे काढायचा. वाट अडवून ठेवली असेल तर तेही तक्रारीत लिहा, ते कलम १२६ मध्ये वेगळं मोजलं जातं. संघटनेला द्यायच्या अहवालात विशेषणं नकोत. वेळ, गुणसंख्या, अंतर, उच्चारलेले शब्द जसेच्या तसे (शिवीसकट), कुठल्या हाताने कुठे मारलं, कोणी पाहिलं. साथीदार पंचाने आपला अहवाल वेगळा लिहायचा, एकमेकांचा वाचून नाही. दोन अहवाल शब्दशः सारखे निघाले की शिस्तपालन समितीत समोरचा वकील त्यावरच बोट ठेवतो.

वर्गाला पाचपैकी तीन. जायचं तर एकट्याने जाऊ नका, ज्याच्यासोबत नेहमी सामने करता त्या पंचाला घेऊन जा आणि सराव त्याच्याशीच करा. दुपारी साडेतीननंतरचे फटक्यांचे धडे सुरू झाले की प्रशिक्षकाला सांगून तो वेळ गादीवर पडण्या-उठण्याला मागून घ्या. बहुतेक प्रशिक्षक देतात. पुढे महिन्यातून दोनदा वीस मिनिटं मनगट, कॉलर आणि पडणं एवढंच करत राहायचं, नाहीतर दोन महिन्यांत सगळं जातं. जाताना बूट तेच न्या जे सामन्याला घालता. मोजे घालून गादीवर शिकलेलं पाऊल लाल मातीत उपयोगी पडत नाही.